अमर शेख यांचे वाचन : कामगार संघटना आणि मुस्लिम मराठी कविता

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की शाहीर अमर शेख यांचे नाव हटकून घेतले जाते. तसबिरीला हार घातला जातो. मग वक्ता संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे वळतो, त्या लढ्यात एक मुसलमान शाहीर अग्रभागी होता असे सांगतो, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. हे सांगणे खोटे नाही. पण अशा सांगण्यात अमर शेख आपल्या उपयोगाला येतात, वाचले जात नाहीत. ते आपल्या हातातले चारित्र्याचे प्रमाणपत्र होतात : पाहा, आम्हीही या मातीसाठी गायलो. ज्याला वारंवार असे प्रमाणपत्र दाखवावे लागते त्या समाजाचे दुःख मला समजते. परंतु समीक्षेने त्यावर थांबता कामा नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अमर शेख यांची कविता ‘मुसलमान असूनही मराठी’ अशी नाही. ती गिरणीच्या फाटकावर, संपात आणि तुरुंगात तयार झालेली मराठी कविता आहे. तिचे मराठीपण कामगार संघटनेतून आले आहे. हा धागा आपण सोडला, त्यामुळे आपल्या साहित्यविचारातून कामगारच निसटला. अस्मिता राहिली, धर्मसुधारणेचा वाद राहिला, दंगल राहिली. यंत्रावर उभा असलेला माणूस मात्र मागे पडला.

बार्शी ते विसापूर

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीचा. घर गरीब. आई मुनेरबी हिच्याकडून लोकगीतांचा वारसा मिळाला, हे त्यांच्या प्रत्येक चरित्रलेखनात येते आणि ते महत्त्वाचे आहे. एका मुसलमान घरातली आई मुलाला मराठी ओवी देते, या गोष्टीचे आश्चर्य बाहेरच्यांना वाटेल. सोलापूर, नगर, पुणे, उस्मानाबाद या भागांतल्या आपल्या वाचकांना वाटणार नाही. जात्यावर कोणती भाषा बोलायची हे मौलवी ठरवत नव्हते आणि साहित्य परिषदही ठरवत नव्हती.

मेहबूबने मोटारीवर क्लीनरचे काम केले, मग तो गिरणीत लागला. गिरणीतल्या संपात तो पुढे झाला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे कम्युनिस्ट कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर यांची गाठ पडली. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ गेला, ‘अमर शेख’ हे नाव पडले आणि त्यानंतर मुंबई आली. हा क्रम नीट पाहावा. आधी गिरणी, मग संप, मग तुरुंग, मग विचार आणि मग शाहिरी. पुस्तक वाचून कामगारांकडे जाणाऱ्या लेखकाचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

हा मुलगा वाढला तो सोलापूर जिल्हा त्या वेळी शांत नव्हता. सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी त्या गावाचे शहर केले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या शहरात गोळीबार झाला, काही दिवस सरकारी सत्ता नावालाही उरली नाही आणि मग मार्शल लॉ पुकारण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन हे कामगारांत काम करणारे तरुण होते आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादकही होते. चार हुतात्म्यांचा उल्लेख आपण दरवर्षी करतो. पण त्यांपैकी एक जण मुसलमान होता एवढेच आपण सांगतो. तो कामगारांचा पत्रकार होता हे दुसऱ्या वाक्यात येते, पुष्कळदा येतही नाही. अमर शेख यांच्या बाबतीत जे घडले तेच कुर्बान हुसेन यांच्या बाबतीत घडले आहे. नावाचा धर्म लक्षात राहतो, हाताचे काम विसरले जाते.

आपले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरले, फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली. ज्या शहरात मुसलमान कामगार, तेलुगू भाषक पद्मशाली विणकर, लिंगायत व्यापारी आणि मराठा-दलित मजूर एका भोंग्यावर उठत होते, त्या शहरात या चळवळीने पहिले पाऊल टाकले. चळवळीने आपली ओळख भाषेवरून ठरवली, हे योग्यच झाले. पण ती भाषा या शहरात कुणी एकत्र आणली, हा प्रश्न बाजूला राहिला.

संघटना : जोडणारी आणि तुटणारी

मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संघटनेचा इतिहास सत्यशोधकी परंपरेतून सुरू होतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आठवड्याची ती एक सुट्टी आज आपण निसर्गनियमासारखी धरून चालतो. लोखंडे यांची संघटना आजच्या अर्थाने युनियन नव्हती. वर्गणी, नोंदलेले सभासद, खात्याखात्यांतल्या समित्या हे सर्व पुढे आले. मे १९२८ मध्ये, सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या ऐन मध्यात, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. त्या संपात सुमारे दीड लाख कामगार होते. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही नावे आपण ऐकलेली असतात. त्यांच्याबरोबरच अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे प्रत्यक्ष गिरणीतून आलेले पुढारी होते, हे विसरू नये.

या गिरण्यांत मुसलमान कुठे होता? प्रामुख्याने विणाई खात्यात. उत्तर प्रदेशातून हातमाग मोडल्यावर आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्याच्या परिसरात राहत. कोकणातला किंवा घाटावरचा कामगार संप लांबला की गावी जाऊन शेतीवर दिवस काढी. उत्तरेतल्या विणकराचे गाव इतके जवळ नव्हते. संप त्याला महाग पडत असे. या एका गोष्टीतून संघटनेतले पुष्कळ ताण समजतात आणि ‘मुसलमान कामगार संपात मागे राहतो’ या जुन्या आरोपामागचा हिशेबही समजतो.

संघटनेने सर्वांना सारखे जवळ केले असे मात्र म्हणता येणार नाही. विणाई खात्यात दलितांना काम मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा तो संपाच्या मागण्यांच्या वर्तुळात आला. त्याच खात्यात आपलेही लोक माग चालवत होते. म्हणून हा प्रश्न केवळ इतरांना विचारून भागणार नाही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहांच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. अशा एकजुटीचे दिवस थोडे होते, म्हणूनच ते मोजून सांगता येतात.

संघटना तुटण्याची तारीखही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १९२९. तेल कंपन्यांच्या संपात संपकऱ्यांच्या जागी पठाण कामाला लावले गेले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा उठल्या, आधी पठाणांवर हल्ले झाले आणि मग ती हिंदू-मुसलमान दंगल झाली. शंभराहून अधिक माणसे मेली. चार-पाच महिन्यांपूर्वी एकाच संपात असलेली वस्ती एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. लगेच मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली. संप फोडण्यासाठी आणलेल्या माणसाचा धर्म पाहिला गेला; त्याला आणणाऱ्याचा व्यवहार पाहिला गेला नाही. याच्या विरुद्ध बाजूला फेब्रुवारी १९४६ आहे. नाविकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून मुंबईचे हिंदू-मुसलमान कामगार एकत्र रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे ठार झाली. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात शहर पुन्हा दंगलीत होते.

अमर शेख यांची शाहिरी या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे. ती एकजुटीचे गाणे गाते, कारण एकजूट हातात राहत नाही हे तिला माहीत आहे. तिच्यातला आवेश पुष्कळ समीक्षकांना भडक वाटतो. ज्या सभेतून परत जाताना माणसाला आपल्या चाळीत दंगल भेटू शकते, त्या सभेत हळू आवाजात गाऊन चालत नाही.

व्यासपीठावरची कविता

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मांग, एक मुसलमान आणि एक गव्हाणकर, अशी ही त्रयी होती. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु संघटनेच्या कामात या पथकाची नेमकी जागा कोणती होती, हे कमी सांगितले गेले आहे.

कामगारांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. पत्रक छापले तरी ते वाचून दाखवणारा लागे. पाळी सुटल्यावर दमलेला माणूस सभेला थांबावा यासाठी भाषणापेक्षा डफ अधिक उपयोगी होता. शाहीर सभेच्या आधी गर्दी जमवी, भाषणांच्या मधे तिला धरून ठेवी आणि शेवटी मदतनिधीची झोळी फिरे. पोवाड्यातून संपाची हकीकत एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जाई. झिलकऱ्यांनी धरलेली ओळ श्रोते उचलत. एकदा उचललेली ओळ दुसऱ्या दिवशी फाटकावर घोषणा होऊन येई. म्हणजे ही कविता ऐकून घरी नेण्याची नव्हती, ती हातात घेऊन कामाला जाण्याची होती.

अशा कवितेला छापील पानावर पाहिले की ती अर्धी दिसते. पुनरुक्ती खटकते, पल्लेदार संबोधने जास्त वाटतात. हा दोष कवितेचा की वाचण्याच्या पद्धतीचा? अमर शेख यांच्या पहाडी आवाजाची आठवण सर्व जण सांगतात. त्या आठवणीने एक नुकसानही केले. आवाजाचे कौतुक झाले आणि शब्दांचे वाचन राहून गेले. ‘शाहीर’ ही पदवी त्यांना मानाने मिळाली, पण त्याच पदवीने त्यांना कवींच्या पंक्तीतून बाहेर बसवले. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. हे विशेषण लोकप्रिय झाले, पण त्यानंतर कुणी मायकोव्हस्कीशी तुलना करून दाखवली नाही. विशेषण हेच समीक्षेचे शेवटचे वाक्य ठरले.

त्यांच्या संग्रहांची नावे पाहा : ‘अमरगीत’ (१९५१), ‘कलश’ (१९५८), ‘धरतीमाता’ (१९६३). नाटकाचे नाव ‘पहिला बळी’ (१९५१). कलश, धरती, माता, बळी. हे शब्द पक्षाच्या पत्रकातले नाहीत आणि मदरशातलेही नाहीत. ते कुणबी-बलुतेदारांच्या मराठीतले आहेत. कामगार होण्यापूर्वी हा माणूस ज्या गावात होता, त्या गावाची भाषा गिरणीत आली आणि तिला नवा अर्थ मिळाला. माता ही पूजेची वस्तू राहिली नाही, ती कसणाऱ्याची हक्काची जमीन झाली. बळी देवीपुढचा राहिला नाही, तो लढ्यातला झाला. आपल्यातला एखादा वाचक विचारील, यात इस्लामी काय आहे? मी उलट विचारीन, नाव मुसलमान असले की प्रतिमाही अरबस्तानातून आणाव्यात, हा नियम कुणी केला?

या बाबतीत अमर शेख एकटे नाहीत. घोड आणि भीमा नद्यांच्या या पट्ट्यातच त्यांचे पूर्वज सापडतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. जेजुरीचे सगनभाऊ धंद्याने शिकलगार, धर्माने मुसलमान आणि पेशवाईच्या अखेरच्या काळातले नावाजलेले शाहीर. संत, शाहीर आणि कामगार-शाहीर अशी ही परंपरा आहे. तिघांची मराठी वेगवेगळी आहे, पण तिघांनाही ती परकी नव्हती. फरक एवढाच की शेख महंमदांना ती भक्तीच्या मेळ्यात मिळाली, सगनभाऊंना फडावर मिळाली आणि अमर शेख यांना कामगारांच्या सभेत मिळाली. भाषा माणसाला समूहाकडून मिळते. समूह बदलला की भाषेचे वळण बदलते. अमर शेख यांचा समूह युनियन हा होता.

परळ आणि मदनपुरा

इथे एका अवघड प्रश्नाकडे वळावे लागते. त्याच मुंबईत, त्याच काळात, उर्दूतले प्रगतिशील कवीही कामगारांत काम करत होते. १९३६ साली लखनौला प्रगतिशील लेखक संघ स्थापन झाला, १९४३ साली मुंबईत इप्टा. कैफी आझमी मदनपुऱ्याच्या कामगार वस्तीत पक्षाचे काम करत. अली सरदार जाफरी मुंबईतच होते. मग मुसलमान कामगाराचा कवी कोण, कैफी की अमर शेख?

दोघांची वाट वेगळी होती. कैफी जमीनदार घरातून, शायरीचे संस्कार घेऊन कामगारांकडे आले. अमर शेख कामगार असताना गाऊ लागले. मदनपुऱ्यातल्या विणकराला उर्दू नज्म आपली वाटे, परळ-लालबागच्या कामगाराला पोवाडा. युनियन एक होती, पण तिची दोन सांस्कृतिक दालने झाली आणि त्यांच्यातले दार फारसे उघडले गेले नाही. पक्षाने दोन्हीकडे कलावंत दिले. परंतु एका दालनातले गाणे दुसऱ्या दालनात न्यावे असा सातत्याचा प्रयत्न दिसत नाही. अमर शेख हे त्या दाराचे स्वाभाविक माणूस होते. नावाने मदनपुऱ्याचे आणि भाषेने परळचे. पण त्यांना परळचा शाहीर म्हणूनच वापरले गेले. डाव्या चळवळीच्या लेखी त्यांचे मुसलमान असणे हा बिनमहत्त्वाचा तपशील होता. हे वरवर उदार वाटते. पण जो प्रश्न बिनमहत्त्वाचा म्हणून बोललाच गेला नाही, तो मदनपुऱ्यात दुसऱ्या कुणीतरी येऊन बोलायला घेतला.

नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये याकूब नालबंदवाला भेटतो. मराठी कवितेतला तो एक अविस्मरणीय मुसलमान श्रमिक आहे. तो सुर्व्यांच्या नजरेतून दिसतो आणि सुर्व्यांची नजर निर्मळ आहे. तरीही याकूबने स्वतः लिहिलेली मराठी आपल्याकडे थोडीच आहे. अमर शेख यांचे मोल इथे आहे. याकूब स्वतः बोलायला उभा राहिला, असे त्यांच्याकडे पाहावे.

या बोलण्याची किंमत घराने दिली. त्यांच्या कन्या, कवयित्री मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाची चर्चा बहुधा नामदेव ढसाळांच्या संदर्भात होते. पण ते पुस्तक चळवळीच्या घरात वाढलेल्या मुलीचेही आहे. संघटनेच्या इतिहासात सभासदसंख्या असते, संपाचे दिवस असतात. कार्यकर्त्याच्या घरातल्या बाईचा हिशेब नसतो. तो हिशेब एका मुस्लिम नावाच्या स्त्रीने मराठीत मांडला, ही आपल्या साहित्यातली मोठी घटना आहे. अमर शेख यांच्यावर लिहिणाऱ्याने हे पुस्तक शेजारी ठेवले पाहिजे, नाहीतर पोवाडाच होईल.

अमर शेख यांचे २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात निधन झाले. त्यांच्यामागे बारा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली होती. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, अशी कोंडी त्यातूनच झाली. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. पुढे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने त्या उद्ध्वस्त घरांची गोष्ट सांगितली. मदनपुऱ्यातल्या घराचे ‘अधांतर’ मराठीत लिहिले गेले नाही.

आपल्या कथेतला रिकामा कोपरा

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’पासून (१९६५) आजच्या कथेपर्यंत मुस्लिम मराठी गद्याने मोठी मजल मारली. खेडे, मोहल्ला, तलाक, दंगल, संशय, दारिद्र्य हे सर्व आले. दारिद्र्य आले, पण कारखान्याचे काम आले नाही. माझ्या वाचनातल्या कथांत युनियनची सभा जवळपास कधीच भेटली नाही. आपला नायक बेकार असतो, शिक्षक असतो, दुकानदार असतो. तो बारा तास मागावर उभा राहताना दिसत नाही.

प्रत्यक्षात काय आहे? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांवर मुसलमान कामगार मोठ्या संख्येने आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांचा नियमित पगाराच्या नोकऱ्यांतला वाटा कमी आणि स्वयंरोजगार व असंघटित कामातला वाटा जास्त असल्याचे दाखवून दिले. यंत्रमागावर संघटना करणे गिरणीपेक्षा अवघड आहे, त्याची कारणे उघड आहेत. गिरणीला एक फाटक होते, इथे शंभर शेड आहेत. माग वेगवेगळ्या नावांवर विभागले की कामगारसंख्या कारखाना कायद्याच्या मर्यादेखाली राहते. मजुरी मीटरवर, त्यामुळे संपाचा पहिला दिवसच उपाशी. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की मालक आणि मजूर पुष्कळदा एकाच बिरादरीचे, एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून नमाज पढणारे असतात. मजुरीवाढ मागणे म्हणजे बिरादरीत फूट पाडणे, असे सांगितले जाते. दंगलीने या गप्प बसण्याला आणखी एक कारण दिले. भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन दंगली पाहिल्या. बाहेर भीती असली की आतला हिशेब कुणी विचारत नाही.

हा संघर्ष कथेसाठी किती मोठा आहे! नमाजात समता आणि शेडमध्ये मालकी, या दोन्हींच्या मधे उभा असलेला माणूस. मजूर का पसीना सूखने से पहले मजुरी द्या, ही हदीस प्रत्येक जुम्म्याला ऐकणारा आणि शनिवारी मुकादमापुढे उभा राहणारा माणूस. त्याला भाषा देणे हे साहित्याचे काम आहे.

इनामगावच्या बाजूने

हे सर्व मी शिरूर-दौंडच्या पट्ट्यातून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. घोड नदीकाठच्या इनामगावचे नाव जगभर झाले ते उत्खननामुळे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जवळपास पंधरा वर्षे इथे काम केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्या अहवालावरची तीन नावे आहेत. आपल्या समाजाला अन्सारी यांची ओळख करून देण्याचे राहूनच गेले आहे. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. त्यात पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते प्रमुखाचे घर असावे असे संशोधक मानतात. कुंभार, सोनार, चुना करणारे यांची घरे वस्तीच्या पश्चिम बाजूला, कडेला. पुराचे पाणी वळवणारा चर आणि बांधही सापडला, जो एकट्यादुकट्याने होणारा नव्हे. म्हणजे श्रम सर्वांचा, कोठार मधल्या घराजवळ आणि कारागीर कडेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीत ही मांडणी वाचता येते.

आज याच गावाच्या एका अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला दौंड जंक्शन आणि त्यापलीकडे कुरकुंभचे रासायनिक कारखाने. गिरणीचा भोंगा नाही, कंत्राटदाराची बस आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ज्या पद्धतीला आवर घालायचा होता, तीच पद्धत नित्याची झाली. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच ओळीत उभे राहून तेच काम करतात. युनियन पुष्कळदा पहिल्याचीच असते. गिरणीतल्या बदली कामगाराची जागा आता या माणसाने घेतली आहे, फक्त याची बदली संपत नाही. यात बीड-लातूरची मुले आहेत, बिहार-उत्तर प्रदेशची आहेत, आपलीही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनी संपाआधीच्या नोटिशीची अट सर्व आस्थापनांना लावली. लोखंडे यांनी जे कागदावर सह्या गोळा करून सुरू केले, ते पुन्हा नव्या कायद्याच्या चौकटीत सुरू करावे लागणार आहे.

अशा वेळी अमर शेख यांच्याकडून काय घ्यायचे? त्यांचा पोवाडा जसाच्या तसा रांजणगावच्या फाटकावर चालणार नाही. डफ आणि मैदान दोन्ही गेले. त्यांच्या पक्षाने जी चूक केली, धर्माचा आणि जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात आपोआप विरघळेल असे मानले, तीही पुन्हा करायची नाही. घ्यायचे ते हे की माणसाची ओळख तो काय करतो, कुणाबरोबर करतो आणि कुणासाठी उभा राहतो यातूनही घडते आणि ती ओळख नावाने मिळालेल्या ओळखीला खोडून काढत नाही. मेहबूब पटेलला अमर शेख होताना ‘शेख’ टाकून द्यावे लागले नाही. कामगारांनी त्याला त्या नावासह खांद्यावर घेतले. आज ज्या काळात भाड्याच्या खोलीसाठी नाव लपवावे लागते, त्या काळात ही गोष्ट लहान नाही.

मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, ते लोककलेच्या विभागात. तिथे त्यांचा आवाज जपला जाईल. त्यांचे शब्द वाचण्याचे काम मात्र आपल्याला करावे लागेल. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ यांची चिकित्सक आवृत्ती हवी. सोलापूर-बार्शीच्या गिरण्यांत काम केलेल्या मुसलमान कुटुंबांच्या आठवणी, त्या सांगणारी माणसे आहेत तोवर, मराठीत लिहून घ्यायला हव्यात. कैफी आणि अमर शेख एकत्र शिकवणारा एखादा उर्दू-मराठी अभ्यासवर्ग हवा. आणि पुढच्या संमेलनात अमर शेख यांच्या तसबिरीला हार घालताना एका यंत्रमाग कामगाराला आणि एका कंत्राटी कामगाराला व्यासपीठावर बोलवावे, त्यांना आधी बोलू द्यावे. अमर शेख यांची सभा अशीच सुरू होत असे.